कोन: तोच

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या घरी येणाऱ्या पाहुण्यांनाही आधी सांगून ठेवतात. अशा बाईला काम मिळावं ते कुठे, तर शून्याखाली दोनशे एकोणसत्तर अंशांवर. माझी धाकटी बहीण म्हणायची, "ताई, तिथलं हेलियम उपकरणासाठी नाहीच, तुझ्यासाठी आहे." तिच्याशी भांडून उपयोग नसतो. ती नर्स आहे, माझ्यापेक्षा मोठ्या आवाजाची माणसं ती दिवसभर सांभाळते.

काम असं होतं. प्लास्टिकचा एक पापुद्रा घ्यायचा, केसाच्या शंभराव्या भागाइतका पातळ. त्यात एका रंगाचे रेणू मिसळलेले, पण इतके विरळ की लेसरचा ठिपका पडेल तिथे मोजून दहावीस सापडावेत. एरवीच्या तापमानाला हे सगळे मिळून नुसता गलका करतात, कोणाचं काय चाललंय कळत नाही. द्रव हेलियममध्ये बुडवले की गलका थांबतो आणि एकेकाचा स्वतःचा नेमका रंग वेगळा ओळखू येतो. लेसरचा रंग मग अगदी सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवत न्यायचा. रेणूचा रंग जुळला की तो उजळतो आणि पडद्यावर एक बारीक शिखर उभं राहतं. शिखर म्हणजे एक रेणू, एकच. मी ते पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मला धड जेवणही गेलं नव्हतं.

गंमत अशी, की तेवढ्या थंडीतही प्लास्टिक स्वस्थ बसत नाही. कुठेतरी चारसहा अणूंचा घोळका या कुशीवरून त्या कुशीवर होतो, तेवढ्यानं शेजारच्या रेणूचा रंग किंचित बदलतो आणि शिखर टुणकन बाजूला जातं. या उड्या नोंदवायच्या आणि त्यावरून प्लास्टिकच्या पोटात काय शिजतंय ते ओळखायचं. एकच रेणू धरायचा, हेलियम मिळेल तितके दिवस त्याला सोडायचं नाही. माझ्या प्रबंधाचं शेवटचं प्रकरण यावर उभं राहणार होतं. बाकीची चार लिहून तयार होती.

आमच्या मार्गदर्शकांना सगळे बाई म्हणत. ठेंगण्या, चष्म्याला दोरी, अंगात बारा महिने तोच राखाडी स्वेटर. त्यांचा एक नियम होता: रेणूला नंबर द्यायचा, नाव द्यायचं नाही. "नाव दिलं की माया जडते," त्या म्हणायच्या, "आणि माया जडली की आकडे आपल्याला हवे तसे दिसायला लागतात." माझ्या रेणूचा नंबर होता सतरा. पण तो दोनच जागी सापडायचा, कधी डावीकडे, कधी थोडा उजवीकडे, तिसरीकडे कुठे जाईल तर शपथ. आमची धाकटी लहानपणी जेवायला अशीच दोनच ठिकाणी बसायची, खिडकीजवळच्या खुर्चीत नाहीतर थेट ओट्यावर. चौथ्या दिवशी मी मनातल्या मनात सतरा नंबरचं नाव धाकटी ठेवून मोकळी झाले. डावीकडची जागा खिडकी, उजवीकडची ओटा. बाईंना अर्थातच सांगितलं नाही.

आता तिसरं माणूस. रोज अकरा वाजता हेलियमचं पिंप ढकलत एक काका यायचे. पन्नाशी उलटलेले, उंच, आणि सावकाश म्हणजे किती सावकाश, तर आम्ही पाठीमागे त्यांना थंडोबा म्हणायचो. आल्याआल्या नळी जोडतील तर ते काका कसले. आधी काखेतलं जाडजूड रजिस्टर काढायचं, चष्मा लावायचा, आणि खोलीत जेवढे म्हणून काटे, आकडे आणि खुणा दिसतील तेवढ्या सगळ्या उतरवून घ्यायच्या. टेबलावरचा काळा कपडा एका कोपऱ्यानं उचलून आतलंही वाचायचं. मग हेलियम भरायचं. भरून झालं की पुन्हा पहिल्यापासून सगळं वाचायचं. मी एकदा विचारलं, "काका, तुम्हाला हेलियमची पातळी लिहायला सांगितलीय. बाकीचा संसार कशाला?" ते म्हणाले, "नळी जड आहे, ताई. एखाद वेळी धक्का लागला तर जे जिथं होतं तिथं परत आणता यायला हवं." मी मान डोलावली आणि मनात म्हटलं, कर बाबा काय करायचं ते.

बाराव्या दिवशी माझा तोल गेला. आदल्या संध्याकाळी लेसरनं छळलं होतं, सकाळी न्याहारी झाली नव्हती, आणि काका कपड्याचा कोपरा उचलून आत डोकावत उभे होते, लग्नाची यादी वाचल्यासारखे. मी उचलली जीभ आणि लावली टाळ्याला. म्हटलं, "काका, तुमचं काम पिंपातलं पिंपाबाहेर काढायचं. माझ्या टेबलाशी तुमचा संबंध काय? यापुढे त्याच्याबद्दल एक शब्द बोलायचा नाही." त्यांनी हेलियम भरलं, पुन्हा सगळं वाचलं, लिहिलं. त्यांनी काही हलवलं तर नाही ना हे बघायला मी काळा कपडा जोरात ओढून काढला, आरशांवरून नजर फिरवली, आणि कपडा परत टाकला. ते रजिस्टरमध्ये आणखी काहीतरी लिहून, पिंप ढकलत निघून गेले. दार लावतानाही त्यांनी आवाज केला नाही, आणि त्याचाही मला राग आला.

दुपारी पडद्यावर पाहते तर धाकटी ना खिडकीत, ना ओट्यावर. दोन्ही जागा रिकाम्या. थोडं पलीकडे मात्र एक शिखर उभं होतं, आणि ते दोन नाही, तीन जागी उड्या मारत होतं, तेही दहापट वेगानं. मला आनंदानं काही सुचेना. बारा दिवस एका चालीनं वागणारा रेणू एकाएकी चाल बदलतो, म्हणजे त्याच्याभोवतीचं प्लास्टिकच नव्यानं जुळून आलं, आणि ते मी डोळ्यांदेखत पकडलं. असं काही कोणी पाहिल्याचं माझ्या वाचनात नव्हतं. मी धावत बाईंकडे गेले. त्यांनी आलेख दोनदा पाहिला, चष्मा काढला, पुन्हा लावला. "चांगलं आहे," म्हणाल्या. बाईंच्या तोंडून चांगलं आहे ऐकायला माणसं वर्षं घालवतात. पुढचे सात दिवस मी जमिनीपासून चार बोटं वरून चालत होते.

हेलियमचा कारखाना वार्षिक दुरुस्तीसाठी दोन महिने बंद होणार होता. शेवटचा भरणा एकोणिसाव्या दिवशी, गुरुवारी. त्या दिवशीचं हेलियम संध्याकाळी संपणार, पापुद्रा तापणार, आणि तापला की आतलं सगळं इकडचं तिकडे होणार. तोच रेणू पुन्हा सापडायची आशा नाही. सोमवारी मला समितीपुढे उभं राहायचं होतं. गुरुवारी सकाळी नऊ वाजता बाई खोलीत आल्या, स्टुलावर बसल्या आणि माझी वही चाळायला लागल्या.

वहीत रोज एक तक्ता असतो: तापमान, लेसरची ताकद, प्रकाशाचा कोन. प्रकाशाचा कोन म्हणजे काय, तर टेबलावर एका कडीत बसवलेली काच असते. कडी फिरवली की प्रकाशाच्या कंपनाची दिशा वळते. प्लास्टिकमध्ये प्रत्येक रेणू आपापल्या दिशेला तोंड करून अडकलेला असतो. प्रकाश त्याच्या दिशेनं असेल तर तो उजळतो, काटकोनात असेल तर तुमच्याकडे ढुंकूनही बघत नाही. पहिल्या दिवशी मी लिहिलं होतं, कोन: २८. दुसऱ्या दिवसापासून, कोन: तोच. तोच, तोच, तोच, अठरा वेळा.

बाईंनी बोट ठेवलं. "हे पाहून लिहिलंस की आठवून लिहिलंस?"

मी म्हटलं, "बाई, कडीला कोण हात लावतंय? मी एकटीच तर असते इथे."

"मी ते विचारलं नाही."

मी उठले, काळा कपडा बाजूला केला, टॉर्च लावला. कडीवर त्र्याहत्तर होते.

त्र्याहत्तरातून अठ्ठावीस गेले, पंचेचाळीस. ही कडी पंचेचाळीस अंश फिरली की प्रकाश नेमका काटकोनात वळतो. माझ्या पायाखालची जमीन सरकली, आणि बाईंच्याही चेहऱ्यावर मला ते दिसलं. धाकटीनं चाल बदललीच नव्हती. कडी फिरली, धाकटी अंधारात गेली, आणि तिच्या शेजारचा दुसराच कोणीतरी, आडव्या तोंडाचा, उजळला. मी त्याला तिच्या नावानं नोंदवत बसले होते. माझा महान शोध म्हणजे परक्याचं पोर उचलून घरी आणलं, असा प्रकार होता.

"कधी फिरली?" बाईंनी विचारलं.

"बहुतेक बाराव्या दिवशी. शिखर बदललं तेव्हाच असणार."

"'असणार' यावर समिती ऐकत नाही. शिखर बदललं तेव्हा कडी फिरली, हे तू आता कडी बघून म्हणतेस. ती दुसऱ्या दिवशीच अर्धी फिरली नव्हती कशावरून? तारीख लिहिलेली असेल तर बारा दिवस वाचतील. नसेल तर एकोणीसच्या एकोणीस पाण्यात." त्या रागावल्या नव्हत्या. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं, मला रागाला उत्तर देता येतं.

कडी हाताची, संगणक तिची नोंद ठेवत नाही. वहीत तोच. म्हणजे सगळं मुसळ केरात. मी स्टुलावर बसून बहिणीला फोन लावला, कारण रडायला मला कोणीतरी लागतं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ताई, आमच्याकडे तापाच्या तक्त्यात कोणी 'तोच' लिहिलं तर दुसऱ्या दिवशी घरी बसवतात." मग थांबून म्हणाली, "पण आमच्याकडे दोघी लिहितात. एक नर्स आणि एक मशीन बघणारी. तुझ्याकडे दुसरं कोणी लिहीत नाही?"

मी फोन तसाच हातात धरून बसले. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय. पण या वेळी काख माझी नव्हती, थंडोबांची होती.

ते बरोबर अकराला आले; बाईंनाही मी बोलावून घेतलं होतं. पिंप दाराशी उभं केलं, रजिस्टर काढलं, चष्मा लावला. गेले सात दिवस आम्ही एकमेकांशी हो आणि नाही एवढंच बोललो होतो. मी म्हटलं, "काका, तुमच्या रजिस्टरात कडीचा आकडा आहे का?"

"कोणती कडी?"

"कपड्याखालची. अंशांच्या खुणा आहेत ती."

"आहे की. बारावा रकाना." त्यांनी पानं उलटली, एकेक, अंगठ्याला थुंकी लावून. मला ते रजिस्टर हिसकावून घ्यावंसं वाटत होतं, आणि मी दोन्ही हात पाठीमागे धरून उभी राहिले.

पहिला दिवस: भरण्याआधी २८, भरल्यावर २८. दुसरा दिवस, २८, २८. असं ओळीनं बाराव्या दिवसापर्यंत. बाराव्या दिवशीही भरण्याआधी २८, भरल्यावर २८. आणि शेवटच्या रकान्यात, शेरा म्हणून, गोल अक्षरात लिहिलं होतं: "११.४० ताई चिडल्या. काळा कपडा ओढला." तेराव्या दिवशी, भरण्याआधी ७३.

बाईंनी ते वाचलं आणि खिडकीकडे तोंड केलं. त्यांचे खांदे हलत होते. त्या हसत होत्या, हे मला नंतर कळलं.

कपड्याची शिवण उसवलेली होती. मी तो हिसडला तेव्हा दोरा कडीच्या खटक्यात अडकला असणार; अजूनही एक तुकडा तिथे लोंबत होता. माझ्याच रागानं फिरवली होती ती कडी. मी काकांना विचारलं, "तेराव्या दिवशी तुम्हाला त्र्याहत्तर दिसलं. मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही मुद्दाम फिरवली असेल असं वाटलं. आणि टेबलाबद्दल एक शब्द बोलायचा नाही म्हणाला होतात." ते अगदी साधेपणानं म्हणाले. "लिहायचं नाही, असं नव्हता म्हणाला."

मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. एवढं बोलले होते मी त्यांना, आणि त्या माणसानं दुसऱ्या दिवशी येऊन माझा कपडा उचलला होता, पुन्हा आकडा लिहिला होता, आणि तिसऱ्या दिवशीही. माझ्यावर रुसून त्यांनी एक रकाना कोरा सोडला असता तरी त्यांना कोणी विचारलं नसतं. मी म्हटलं, "काका, माझं चुकलं. त्या दिवशीही चुकलं, आणि त्याआधीही. पाठीमागे आम्ही तुम्हाला थंडोबा म्हणतो, तेही."

"ते माहीत आहे," ते म्हणाले. "नळी धरा जरा. आजचं तळाचं आहे, पिंप तिरकं करावं लागेल."

आम्ही तिघांनी मिळून पिंप तिरकं केलं. बाईंनी स्वेटरच्या बाह्या वर सारल्या होत्या. तळातला शेवटचा घोट उतरला तेव्हा काका म्हणाले, "पावणेसहापर्यंत पुरेल. जास्त नाही."

मग मी कडी फिरवली. अठ्ठावीस. टॉर्च लावून पाहिलं, वहीत लिहिलं, पुन्हा पाहिलं. लेसरची फेरी सुरू केली. एक फेरी चार मिनिटांची असते. मला भीती एकच होती. लेसरखाली फार दिवस राहिलेला रेणू जळून जातो, कायमचा विझतो. धाकटी अजून असेल का? आणि नसेल, तर कडी फिरली म्हणूनच ती दिसेनाशी झाली, हे तरी मी कशाच्या जोरावर सांगणार होते?

रेघ सरकत खिडकीपाशी आली. काही नाही. सपाट. रेघ पुढे गेली. काका नळी गुंडाळायची सोडून माझ्या मागे येऊन उभे राहिले होते. मधला सगळा भाग रिकामा, रिकामा, आणि मग उजवीकडे, जिथे असायला हवं अगदी तिथेच, शिखर उभं राहिलं. उंच, बारीक, नीटस.

"ओट्यावर बसलीय," मी म्हटलं. बाई जवळ आहेत हे मी विसरूनच गेले होते.

वीस मिनिटांनी तिनं उडी मारली आणि खिडकीत जाऊन बसली. मग माझ्या जिवात जीव आला. बारा दिवस ती जे करत होती तेच करत होती. मधले सात दिवस प्रकाश तिच्या अंगाला लागलाच नव्हता, म्हणून ती जळालीही नव्हती. बाई म्हणाल्या, "आता संध्याकाळपर्यंत कडी आलटून पालटून फिरव. अर्धा तास ही, अर्धा तास तिचा शेजारी. दोघं एकाच घोळक्यामुळे उडतात की वेगवेगळ्या, तेवढं तरी कळेल. दर वेळी कोन पाहून लिही."

"आणि सात दिवसांचं काय लिहू?"

"काही लिहू नकोस. कोरे सोड. कोऱ्या जागेची लाज वाटून घेऊ नये."

सोमवारी समितीनं त्या कोऱ्या जागेबद्दल विचारलंच. मी शोध लागला म्हणणार होते त्या जागी मी रजिस्टरच्या पानाचा फोटो दाखवला, शेऱ्यासकट. समितीतले एक वयस्कर प्राध्यापक इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग त्यांनी विचारलं, "पण बारा दिवसांचे आकडे पक्के?" मी पक्के म्हटलं, आणि कोणी वाद घातला नाही. आभाराच्या पानावर पहिलं नाव आईवडिलांचं असतं; माझ्या पानावर हेलियमच्या रजिस्टरचं आहे, पान क्रमांकासह. आईनं वाचलं आणि म्हणाली, बरं केलंस. आज माझ्या स्वतःच्या खोलीत मी रोज टॉर्च लावून कोन पाहते आणि आकडा लिहिते. राग गेलेला नाही. पण चिडले की आधी हात खिशात घालते.

पण मला सांगायचं आहे ते त्या गुरुवारच्या संध्याकाळचं. साडेपाचला काका पुन्हा आले. त्यांची पाळी संपली होती, यायची गरज नव्हती. खुर्ची ओढून पडद्यासमोर बसले. आम्ही तिघंही शिखराकडे बघत होतो. पाच पस्तीसला शिखर थोडं पसरट झालं. मग आणखी पसरलं, बसकं झालं, आणि पाच चाळीसला त्या जागी काहीच उरलं नाही. मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण त्याहून जास्त वाटलं ते या दोन माणसांबद्दल, एकीनं विचारलं म्हणून आणि एकानं लिहिलं म्हणून. मला ते बोलून दाखवता येईना, म्हणून मी कपडा घडी करत बसले.

प्रयोग संपला की रजिस्टरवर शेवटची ओळ लिहायची आणि मार्गदर्शकांनी सही करायची, अशी पद्धत आहे. काकांनी चष्मा लावून सावकाश ओळ पुरी केली आणि रजिस्टर बाईंपुढे सरकवलं. मी मान लांब करून वाचलं. "५.४० हेलियम संपलं. कडी २८. धाकटी शेवटपर्यंत जागेवर."

हे नाव मी कोणाला सांगितलं नव्हतं. एकोणीस दिवस पडद्यासमोर बसून मी काय काय पुटपुटत होते, ते त्यांनी हेलियम भरता भरता ऐकलं होतं, एवढाच त्याचा अर्थ. बाईंनी पेन उघडलं. आता त्या 'धाकटी' खोडणार आणि वर 'सतरा' लिहिणार, याची मला खात्री होती. मी जमिनीकडे बघायला लागले.

बाईंनी काकांना विचारलं, "पाहून लिहिलंत ना?"

"पाहून," काका म्हणाले.

बाईंनी खाली सही केली.